विश्लेषण : आजोबांचा ट्रॅक्टर भंगारात की अंगणात?

पडवीत गंजत उभा असलेला जुना ट्रॅक्टर भंगारवाल्याला दिला तर तो किलोच्या भावाने जातो. तोच पुन्हा सुरू करायचा ठरवला तर वेळ, पैसा आणि घरच्यांची नाराजी अशी तिहेरी किंमत मोजावी लागते. तरीही जुने ट्रॅक्टर, विशेषतः लहान ट्रॅक्टर, घरच्या वर्कशॉपमध्ये उभे करण्याचा छंद जगभर आहे. जासईसारख्या, जमीन गमावलेल्या गावात या छंदाला वेगळा अर्थ येतो. हे काम घरी कितपत जमते, बदल कुठे थांबवावेत आणि कायदा काय सांगतो?

‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणजे नेमके काय?

शेताऐवजी घराभोवतीच्या जागेसाठी बनवलेला लहान ट्रॅक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांलगतच्या शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या. शेत गेले, घरामागे अर्धा-एक एकर उरला. त्या उरलेल्या तुकड्यासाठी मोठ्या कंपन्यांनी छोटी यंत्रे आणली. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ १९६१चा, अवघ्या सात अश्वशक्तीचा. आज तिकडचे हौशी लोक हीच यंत्रे सुटी करून, घासूनपुसून, रंगवून पुन्हा चालवतात.

म्हणजे हे यंत्र जन्मले ते शेताचा प्लॉट होताना. उरण-पनवेलच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

जासईचा संबंध कसा?

सिडकोची स्थापना १९७०ची. नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भातशेती, खारजमिनी, मिठागरे सारे त्यात आले. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे गाव. जानेवारी १९८४च्या आंदोलनात जासई परिसरात आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याची योजना या लढ्यातून पुढे आली. पुढे १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झाले, कंटेनरच्या रांगा आल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये जवळच्याच चिर्ले येथे अटल सेतू येऊन टेकला.

या बदलात नांगर, औत, पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर यांचे काय झाले, याची नोंद कुठल्याही योजनेत नाही. सातबाऱ्यावरून नाव गेले की मोबदल्याचा हिशेब होतो. अवजारांचा होत नाही. ती विकली जातात, दुसऱ्या तालुक्यात जातात किंवा पावसात उभी राहतात. म्हणूनच प्रकल्पग्रस्त गावातला जुना ट्रॅक्टर हा नुसता शौक मानू नये. त्या घराने शेती केली होती, याचा तो उरलेला पुरावा असतो.

आपल्याकडे ‘जुना’ म्हणजे कोणता?

अमेरिकी अर्थाचा गार्डन ट्रॅक्टर आपल्याकडे फारसा आलाच नाही. कोकणातल्या लहान खाचरांत ते काम पॉवर टिलरने केले. जुन्या ट्रॅक्टरांत मात्र मुंबईचाच एक वारसा आहे. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीत बी-२७५ हा ट्रॅक्टर बनू लागला. मूळ मॉडेल ब्रिटनमधले. चार सिलिंडर, सुमारे ३५ अश्वशक्ती. ज्या कंपनीने अमेरिकेत ‘कब कॅडेट’ काढला, तिचाच हा भारतीय नातेवाईक.

त्याखेरीज १९५९ पासूनचा आयशर, १९७१ पासून पिंजोरला बनलेला एचएमटी झेटर, देशी आराखड्यावर १९७४ मध्ये आलेला स्वराज. एचएमटीचे ट्रॅक्टर बनणे आता बंद झाले आहे. त्यामुळे असे यंत्र हाती असेल तर त्याचे सुटे भाग मिळतात तेव्हाच जमवून ठेवावेत, ही अनुभवी मिस्त्रींची शिकवण खरी आहे.

घरच्या घरी काय करता येते?

बरेच काही. पण क्रम चुकला की पैसा वाया जातो. सर्वात मोठी चूक म्हणजे आधी रंग. लाल चकचकीत बॉनेटचा फोटो मोबाइलवर छान दिसतो. आत इंजिन जाम असेल तर त्याचा उपयोग देव्हाऱ्यातल्या समईइतकाही नाही.

पहिले काम इंजिन फिरते का ते पाहणे. वर्षानुवर्षे उभ्या ट्रॅक्टरचे पिस्टन सिलिंडरला चिकटतात. अशा वेळी दुसऱ्या ट्रॅक्टरला दोरी बांधून, गिअरमध्ये टाकून ओढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंगा तुटतात. नोझल काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँक हाताने थोडा पुढे, थोडा मागे हलवून पाहावा. सुटला तर निम्मी लढाई जिंकली. न सुटल्यास हेड उघडणे, लायनर-पिस्टन बदलणे आले; ते काम बोअरिंगच्या दुकानातले.

दुसरे, डिझेलची वाट. टाकीतला गंज आणि गाळ, फिल्टर, पाइप, मग पंप. टाकी साफ न करता पंप दुरुस्त करून आणला तर आठवड्यात पुन्हा तोच पंप दुकानात जातो. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला यंत्र लागते, ते घरी जमत नाही. मात्र परत बसवल्यावर लाइनमधली हवा काढणे कुणालाही शिकता येते.

तिसरे, पाणी. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे साधे पाणी घातलेले असते. ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळ्यांत गंजाचा चिखल बसतो आणि सुरू झालेले इंजिन अर्ध्या तासात तापते. उरणच्या खाऱ्या हवेत ही कथा चाकांच्या रिम, मडगार्ड आणि वायरिंगपर्यंत पोहोचते. खाडीकाठच्या ट्रॅक्टरचे पत्रे घाटावरच्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर जातात, हे खरेदी करतानाच लक्षात घ्यावे.

गंज काढायला वाळूच्या फवाऱ्याची गरज प्रत्येक वेळी नसते. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, एक लोखंडी पट्टी आणि बॅटरी चार्जर एवढ्यावर छोटे भाग स्वच्छ होतात. भाग ऋण टोकाला, पट्टी धन टोकाला. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि हे उघड्यावर करावे, कारण यात हायड्रोजन वायू निघतो.

काय घरी करू नये?

रिकामी डिझेल टाकी वेल्डिंग करू नये. टाकी रिकामी दिसते, पण आत वाफ असते आणि स्फोट होतो. नोझलचा फवारा हातावर घेऊन तपासू नये. तो कातडीतून आत शिरतो आणि बोट कापण्याची वेळ येते. जुन्या ब्रेक व क्लचच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याच्याजवळ लुंगी, ओढणी, गमछा घालून वावरू नये. जुन्या ट्रॅक्टरवर शाफ्टचे झाकण बहुधा नसतेच, ते आधी बसवावे.

मूळ रूप की नवा साज?

इथे हौशी मंडळींत दोन तट आहेत. एकाला प्रत्येक बोल्ट कंपनीचाच हवा. दुसऱ्याला रुंद टायर, क्रोमचा सायलेन्सर आणि मागे मोठे स्पीकर. हळदीला आणि विसर्जनाला डीजे घेऊन निघालेले ट्रॅक्टर सगळ्यांनी पाहिले आहेत. पंजाबात तर ट्रॅक्टर मागच्या चाकांवर नाचवण्याच्या खेळात तरुणाचा जीव गेल्यानंतर २०२३ मध्ये सरकारला अशा कसरतींवर बंदी घालावी लागली.

दोन्ही टोके व्यवहारात टिकत नाहीत. ज्या यंत्राचे आयुष्य चिखलात गेले, त्याला काचेत ठेवण्यासारखे नवेकोरे करणे म्हणजे त्याचा इतिहासच पुसणे. वेल्डिंगचा जुना जोड, आजोबांनी बसवलेली लाकडी सीट, घासून गुळगुळीत झालेले स्टिअरिंग हे दोष नव्हेत. दुसरीकडे, ट्रॅक्टरचा चेहराच बदलणारी सजावटही त्याला परका करते. साधा निकष असा ठेवता येईल, की जो बदल उद्या उघडून परत काढता येतो तो करावा. ज्यासाठी मूळ लोखंड कापावे लागते तो करू नये. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा.

एका बदलाला मात्र मूळपणाचा आग्रह आड येऊ देऊ नये, तो म्हणजे सुरक्षेचा. ट्रॅक्टर उलटून चालक खाली सापडणे हा सर्वात घातक अपघात. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली आणि असे मृत्यू कमी होत गेले. चौकट आणि सीटबेल्ट ही जोडी आहे. दोन्ही एकत्र असतील तरच पूर्ण संरक्षण मिळते. पण नाक्यावरच्या वेल्डरकडून पाइप वाकवून केलेली चौकट ऐनवेळी मोडते. चाचणी झालेलीच घ्यावी. जिथे शेजारून रात्रंदिवस कंटेनर धावतात तिथे मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर यांना तर पर्यायच नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९च्या निकालात हे ठामपणे सांगितले. कलम १८२-अ नुसार अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी लागते. रंगही नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, म्हणून लाल ट्रॅक्टर निळा करण्यापूर्वी आरटीओत विचारलेले बरे.

दहा वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात काढावाच लागेल, हा संदेश व्हॉट्सअॅपवर बराच फिरला. तो खोटा असल्याचा खुलासा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ मध्ये केला. कृषी ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन आहे. त्याची नोंदणी आधी १५ वर्षांची असते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. भीतीने विकण्याची गरज नाही. ज्यांनी या संदेशावर विश्वास ठेवून चांगले यंत्र कवडीमोलाने दिले, त्यांचे नुकसान मात्र कुणी भरून देणार नाही.

मग ‘व्हिंटेज’ नोंदणीचे काय?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षे. अट अशी, की वाहन रोजच्या किंवा व्यावसायिक वापरात नसावे. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणावे.

हे नियम मोटारींचा संग्रह करणाऱ्यांना समोर ठेवून झाले आहेत, हे वाचतानाच कळते. ट्रॅक्टरचा त्यांत स्वतंत्र विचार नाही. शेतकऱ्याच्या घरचा पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर आजही परसात चार तास काम करू शकतो; उलट काम करत राहिला तरच तो टिकतो. म्हणजे ‘वारसा’ म्हणवून घ्यायचे तर त्याने काम सोडले पाहिजे. ही अट मर्सिडीजला शोभते, बी-२७५ला नाही. कृषी यंत्रांसाठी वेगळा, कमी शुल्काचा गट करावा आणि मर्यादित शेतीवापराला त्यात मुभा द्यावी, ही मागणी राज्याने केंद्राकडे करायला हवी.

महाराष्ट्राला ती शोभेलही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून तो कुणी घेईना. त्याच राज्यात जुन्या शेतीयंत्रांची साधी गावनिहाय यादी करायला फार पैसा लागणार नाही. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी असे एकेक यंत्र दिले तर दोन्ही कामे होतील. सेन्सर नसलेले इंजिन शिकायला सर्वात सोपे असते, सगळे डोळ्यांना दिसते.

सुरुवात कुठून करावी?

पाना हातात घेण्याआधी कागदांपासून. अनेक घरांत ट्रॅक्टर अजून वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतो. नियमानुसार मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा असतो. मुदत उलटून गेली असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे आणि असेल ते नोंदणी पुस्तक घेऊन कार्यालयात जावे. पुस्तक हरवले असेल तर इंजिन आणि चासी क्रमांक आधी वाचून, फोटो काढून ठेवावेत. ते क्रमांक गंजाखाली असतात. तिथे ग्राइंडर मुळीच लावू नये, तारेचा ब्रश आणि थोडे डिझेल पुरते.