अडवायला गाव, उपसायला एकटा

उन्हाळा लागला की आपल्याकडे लोकसहभागाला ऊत येतो. टोप्या, टिकाव, घमेली, डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन. १ मे २०१८ रोजी तर शहरांतून हजारो ‘जलमित्र’ गाड्या भरभरून दुष्काळी गावांत श्रमदानाला गेले. घाम खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही. चर खणले, बांध घातले, पाणी मुरलंही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे: मुरलेलं पाणी कुणाचं?

हा प्रश्न श्रमदानाच्या सभेत विचारून बघा. ‘इथं राजकारण आणू नका’ म्हणून खाली बसवतील. अहो, पाणी वाटणं हेच राजकारण. बाकी सगळी कवायत. गाव मिळून पाणी अडवतं आणि ज्याच्या गाठीला पैसा तो पाचशे फुटांचं बोअर मारून उपसतो. घमेली उचलून जिची मान मोडली त्या भूमिहीन बाईच्या वाट्याला मार्चमध्ये टँकरची रांग. आणि ती शेततळी! पावसाचं पाणी धरायची म्हणे. कित्येक ठिकाणी तळाला प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्यानं ती भरतात, मग ऊन त्याची वाफ करतं. सगळ्यांचं भूजल एकाच्या टाकीत, वर सरकारी अनुदान. दरोडेखोराला दोर आणि शिडी आपणच पुरवायची!

उत्तर ठाऊक नाही असंही नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची सुरुवात केली. तिथं पाणी माणशी मिळे, डोई अर्ध्या एकरापुरतं. कुटुंब कितीही मोठं असो, अडीच एकरांवर नाही. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर मारायचं नाही. आपण तिथं सहली नेतो, हा ताळेबंद रुजवणाऱ्या पोपटराव पवारांशेजारी उभं राहून फोटो काढतो, आणि गावी परतल्यावर चर खणतो. बोअरबंदी तेवढी बसमध्ये विसरते.

सरकारबद्दल काय बोलावं? राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे. बोअरच्या गाड्यांचा धडधडाट अख्ख्या शिवाराला ऐकू जातो, तहसील कचेरीला तेवढा जात नाही. पण गावानं तरी कधी गाडी अडवली? शेजाऱ्याशी वाईटपणा कोण घेणार! दगड फोडणं सोपं, भावकीला ‘नाही’ म्हणणं अवघड.

तेव्हा यंदा मला श्रमदानाला बोलवायचं असेल, तर आधी ग्रामसभेचा ठराव दाखवा. कोणत्या पिकाला किती पाणी, भूमिहीनांचा वाटा किती, आणि बोअरची गाडी आली तर शिवेवर आडवं कोण होणार, नावानिशी. ठराव नसेल तर सरपंचांच्या उसासाठी मी टिकाव मारणार नाही.