वाणिज्याची पदवी धानाच्या कामी यावी

गोंदिया हा धानाचा जिल्हा होय. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या त्याच्या आठही तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक धान हेच आहे. गोंदिया शहराचे नाव दूरवर गेले तेही राईस मिलमुळे. अशा जिल्ह्यात शेतकऱ्याचे अपत्य कृषी वा विज्ञान शाखेकडे गेले, तर घरच्यांस समाधान वाटते. तेच वाणिज्य शाखेकडे वळले, की ही दुकानदाराची विद्या शेतकऱ्याच्या घरी काय कामाची, अशी शंका सहज उमटते. ही शंका सर्वस्वी बरोबर नाही. पण ती अगदीच निराधार आहे असेही म्हणता येत नाही. तिचा विचार होणे अवश्य आहे.

शिक्षणाची सोय आता दूर राहिलेली नाही. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली स्थापिलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांनी जिल्ह्यातील मुलांस उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले, व त्यांपैकी नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालयात वाणिज्य शाखा चालते. जिल्ह्यातील महाविद्यालये १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. बी. कॉम., त्यानंतर एम. कॉम., आणि व्यवस्थापनाकडे ओढा असल्यास बी. बी. ए. व एम. बी. ए. अशा पायऱ्या विद्यार्थ्यापुढे असतात. म्हणजे उणीव शाखेची नाही. प्रश्न असा आहे, की या पदव्यांत जो व्यापार शिकविला जातो, त्यात जिल्ह्याचा स्वतःचा व्यापार कितीसा आहे?

ही विद्या कोणासाठी निर्माण झाली?

मुंबईस १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा बंदर, पेढ्या व कंपन्या यांना हिशेब जाणणारी माणसे हवी होती. शहराच्या गरजेतून शहरी विद्या निर्माण झाली, यात दोष काढण्यासारखे काही नाही. परंतु विदर्भात या विद्येला दुसरेही वळण लाभले होते, याचा आज विसर पडला आहे. वर्ध्याच्या सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४४ मध्ये गांधीजींच्या विचारांवर आधारलेली आर्थिक विकासाची योजना प्रसिद्ध केली. तिच्या केंद्रस्थानी खेडे होते. वाणिज्याच्या प्राचार्याने खेड्याच्या अर्थकारणाचा विचार करावा, यात त्या काळी कोणास विसंगती वाटली नाही.

दुधाच्या धंद्याचे उदाहरण याहून बोलके आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील दूध-उत्पादकांनी १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ उभा केला. संघ वाढत गेला तसे चालकांच्या ध्यानी आले, की गाई-म्हशींचे ज्ञान असलेली माणसे गावोगाव आहेत, परंतु सभासदांशी इमान राखून व्यवहार सांभाळणारे शिक्षित व्यवस्थापक मुद्दाम घडवावे लागतील. त्यासाठी १९७९ मध्ये आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था स्थापन झाली. पुढे २०२५ च्या कायद्याने तिचेच त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. दुधाला जे मिळाले ते धानाला मिळालेले नाही. धान पिकविणारे हात पुष्कळ आहेत, पण त्याचा हिशेब पिकविणाऱ्याच्या बाजूने मांडणारी माणसे थोडी आहेत.

एका क्विंटलचा हिशेब

सर्वसाधारण प्रतीच्या धानास २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने क्विंटलमागे २,३६९ रुपये आधारभूत किंमत ठरविली. शेतकऱ्याच्या दृष्टीने व्यवहार येथे संपतो, पण धानाचा व्यवहार येथून सुरू होतो. शासकीय भरडाईत एका क्विंटल कच्च्या धानामागे ६७ किलो, व उकडा तांदूळ असल्यास ६८ किलो तांदूळ गिरणीने परत करावयाचा असतो. उरलेल्या वजनात तूस व कोंडा असतो. तूस भट्टीस जळण होते आणि कोंड्यापासून खाद्यतेल निघते. हे उपपदार्थ गिरणीकडे राहतात व भरडाईचा दर त्यास अनुसरून ठरतो. यात गिरणीमालकावर आरोप करण्याचे कारण नाही. यंत्र, वीज, मजुरी व भांडवल यांचा भार तो वाहतो. परंतु तुसाचे, कोंड्याचे व कणीचे मोल काय, आणि ते वजा जाता भरडाईचा खरा खर्च किती पडतो, हे धान पिकविणाऱ्या गावात कोणास मांडता येऊ नये, ही मात्र खेदाची गोष्ट आहे. परिव्यय लेखांकन या नावाने जो विषय बी. कॉम. च्या वर्गात शिकविला जातो, तो नेमका याच कामासाठी आहे. उपपदार्थांचे मूल्य कसे वजा करावे, हे त्यात एक प्रकरणच असते. फक्त त्यातील उदाहरण बहुधा रसायनाच्या कारखान्याचे असते. शेजारच्या गिरणीचे क्वचितच असते.

दुसरा हिशेब याहून नाजूक आहे. धान खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेले धान घेतले जाते. ते उचल होईपर्यंत संस्थेच्या ताब्यात पडून राहते व हळूहळू सुकते. समजा, १७ टक्के ओलाव्याचे १०० क्विंटल धान सुकून १४ टक्क्यांवर आले. त्यातील कोरडा अंश ८३ क्विंटल होता व तो तेवढाच राहणार. मात्र एकंदर वजन आता सुमारे साडेशहाण्णव क्विंटल भरेल. म्हणजे एक दाणाही चोरीस न जाता साडेतीन क्विंटलांची घट आली, आणि २,३६९ च्या दराने तिची किंमत आठ हजार रुपयांहून अधिक झाली. ज्या सचिवास हे गणित कागदावर मांडता येत नाही, त्याच्यावर अपहाराचा संशय येतो. ज्या संचालकास ते कळत नाही, त्यास खरोखर झालेली चोरीही घट म्हणून खपवून दाखविता येते. अज्ञान हे प्रामाणिक माणसास बुडविते आणि अप्रामाणिक माणसास तारते. संस्थेत हिशेब जाणणारे माणूस हवे, ते एवढ्यासाठीच.

रानातील व्यापार

धानापलीकडेही या जिल्ह्यात मोठा व्यवहार चालतो. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, व पुढे २०१३ मध्ये गोंदिया आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानांचे संकलन व विक्री स्वतः हाती घेतली. हा बदल लहान नव्हे. पूर्वी गावकरी पाने तोडीत व मजुरी घेत. आता ग्रामसभेस निविदा काढावी लागते, करारनामा वाचावा लागतो, ठेकेदाराकडून अनामत घ्यावी लागते आणि पुडक्यांची नोंद रोजच्या रोज ठेवावी लागते. शेवटी मजुरी, बोनस व ग्रामसभेचा राखीव हिस्सा यांची वाटणी सर्वांसमक्ष वाचून दाखवावी लागते. सामूहिक हक्काची किंमत त्याच्या हिशेबावर ठरते. हिशेब दुसऱ्याच्या हाती गेला, की हक्कही हळूहळू त्याच्याच हाती जातो. तलावांचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थांची आणि महिला बचत गटांची गोष्टही यापेक्षा निराळी नाही.

लहान विद्यापीठाचे बळ

लहान विद्यापीठ वा लहान महाविद्यालय म्हणजे दुय्यम प्रतीचे, असा समज रूढ आहे. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन गडचिरोली येथे चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. दोनच जिल्ह्यांच्या विद्यापीठाने मोठ्या शहरांतील विद्यापीठांशी त्यांच्याच मैदानात स्पर्धा करू म्हटल्यास ते मागे पडेल. पण त्या विद्यापीठांस जे साधणार नाही ते त्यास साधते. आपल्या विद्यार्थ्यांची गावे, तेथील पिके, संस्था व बाजार ते ओळखू शकते. गोंदियाच्या महाविद्यालयांनाही हे तंतोतंत लागू आहे.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रात जी पदवी-रचना आली, तिच्यात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण व क्षेत्र-प्रकल्प यांना स्थान आहे. हे प्रशिक्षण शहरातील एखाद्या दुकानाचे प्रमाणपत्र आणून पुरे करण्याऐवजी धान खरेदी केंद्रावर, सेवा सहकारी संस्थेत अथवा ग्रामसभेच्या तेंदू हंगामात व्हावे. विद्यार्थ्याने एका संस्थेचा वर्षाचा ताळेबंद वाचावा, साठ्याची मोजणी करावी, घटीचे गणित मांडावे व ते सभासदांपुढे मराठीत समजावून सांगावे. २०२२ मध्ये केंद्र शासनाने देशातील ६३,००० प्राथमिक सेवा संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. संगणक आला तरी त्यात काय भरावे हे जाणणारे माणूस गावातच लागते. बी. कॉम. च्या विद्यार्थ्याने पदवीनंतर शासनाच्या सहकार खात्याची सहकार व लेखा पदविका, म्हणजे जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा दिल्यास संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या कामाकडे जाण्याची वाटही त्यास मोकळी होते.

आक्षेप व उत्तर

यावर दोन आक्षेप येतात, व ते दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप वेतनाचा. गावची संस्था पदवीधरास शहराइतके वेतन देऊ शकत नाही, मग त्याने गावी का राहावे? हे खरे आहे, व केवळ उपदेशाने त्याचे निवारण होणार नाही. मात्र २००२ पासून कायद्याने उत्पादक कंपनी स्थापन करता येते. किमान दहा उत्पादक एकत्र आले तरी ती निघते, आणि तिला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याच्या २०२० च्या योजनेत प्रत्येक संघटनेस व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. तीन वर्षांनंतर ज्या कंपनीला आपल्या व्यवहारातून अधिकाऱ्याचे वेतन काढता येत नाही, ती कागदावरच राहते. म्हणून सभासदांनीही एक गोष्ट मनाशी ठरविली पाहिजे. चांगला व्यवस्थापक हा खर्च नसून बियाण्यासारखी गुंतवणूक आहे. स्वस्त मिळतो म्हणून नातलगाच्या मुलास बसविणारी संस्था किडके बी पेरते.

दुसरा आक्षेप असा, की शेतकऱ्याच्या मुलाने जन्मभर धानातच का गुरफटून राहावे? त्यास पुणे, मुंबई वा परदेश का बंद असावा? तो बंद नसावा. परंतु ज्याने एका खरेदी केंद्राचा साठा मोजला, कोंड्याचे मोल काढले व शंभर सभासदांच्या प्रश्नांस तोंड दिले, तो कोणत्याही कंपनीत उणा ठरणार नाही. उलट, ज्याने केवळ पुस्तकातील कारखाना पाहिला, तो शहरातही कारकुनीच्या रांगेत उभा राहतो आणि गावातही उपरा ठरतो. घरचे उदाहरण घेऊन शिकलेली विद्या परगावी अडत नाही.

पालकांनी काय विचारावे?

एम. बी. ए. ही दोन वर्षांची पदवी खर्चाची असते, व अनेक शेतकरी कुटुंबे तिच्यासाठी कर्ज काढतात. कर्ज काढून विहीर खोदण्यापूर्वी शेतकरी पाणी पाहतो. पदवीच्या बाबतीतही तीच सावधगिरी बाळगावी. इमारत व जाहिरात पाहून भुलू नये. शिकविणारे अध्यापक कायम आहेत काय, संस्थेला व अभ्यासक्रमाला आवश्यक ती मान्यता आहे काय, मागील वर्षांचे विद्यार्थी आज कोठे काम करतात, आणि विद्यार्थ्यास किती दिवस प्रत्यक्ष कामावर पाठविले जाते, हे चार प्रश्न विचारावेत. बी. बी. ए. अभ्यासक्रमदेखील २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलेला आहे. तेव्हा मान्यतेची खातरजमा करण्यात संकोच मानू नये. आणि मुलीस वाणिज्य शिकवावयाचे तर बचत गटाची वही तिच्या हाती पदवीपूर्वीच द्यावी. तिचा अभ्यास तेथूनच पक्का होईल.

धान रोवणे, निंदणे व कापणे हे जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या साधले. पाणी साठविण्याची कलाही येथील जुन्या मालगुजारी तलावांत दिसते. तलावाच्या पाळीला एक भगदाड पडले, तर वर्षाचे पाणी वाहून जाते, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो. हिशेबाचे भगदाड मात्र दिसत नाही, म्हणून ते बुजविलेही जात नाही. ते पाहण्याची दृष्टी वाणिज्याच्या शिक्षणात आहे. महाविद्यालयांनी धानाला वर्गात जागा द्यावी, संस्थांनी पदवीधरास कामाची संधी द्यावी, व शेतकरी बांधवांनी मुलांची ही विद्या दुकानदाराची न मानता आपल्या शेताच्या राखणीची मानावी. असे झाल्यास पदवी भिंतीवरील चौकटीत न राहता खळ्यावर उपयोगी पडेल.