अमृत कोकम फसफसू नये म्हणून

मैत्रिणींनो, रत्नागिरीकडे मे महिन्यात रातांबे पिकले की अमृत कोकमाची घाई. पाऊस पडला की फळ गेलंच! एका वर्षी मी रातांबे धुतले, पण पुसलेच नाहीत. ओलीमुळे अख्खी बरणी आंबून फसफसली. दोन किलो साखर वाया! तेव्हापासून फळं पुसून, सुकवून मगच फोडते.

बिया काढून एक किलो सालींना दोन किलो साखर घ्या. काचेच्या बरणीत थर द्या. शेवटचा थर साखरेचाच. फडकं बांधून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा, रोज कोरड्या चमच्याने हलवा. साखर विरघळली की गाळा. पितळी, अॅल्युमिनियमचं भांडं नको, पाक कळकतो. देताना पाणी, मीठ, जिरेपूड घाला. उरलेल्या गोड साली टाकू नका हं, मुलं आवडीने खातात!