परतीची सोय

"अरे, अख्खं न्यूयॉर्क मेलंय आणि तू एका कुत्रीसाठी रडतोयस?"

हा प्रश्न मला 'आय ॲम लिजेंड' बघताना एका मित्राने विचारला होता. सिनेमा २००७ चा. विषाणूने जगातली बहुतेक माणसं संपलेली, विल स्मिथ एकटा उरलेला, सोबतीला सॅम नावाची जर्मन शेफर्ड. ती त्याला वाचवताना चावली जाते, तिला लागण होते, आणि मग त्याला जे करावं लागतं ते तो स्वतःच्या हाताने करतो. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी शेजारी रुमाल घेऊन बसावं.

तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. नाक पुसलं आणि विषय बदलला. उत्तर सुचायला बरीच वर्षं गेली, आणि ते सिनेमामुळे सुचलं नाही.

मी मूळचा सांगलीचा, गावभागातला. नोकरीमुळे साताऱ्यात. विज्ञानपटांचं वेड लहानपणापासूनचं. दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' लागायचं तेव्हा पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावून यान बनवणारी जी पिढी होती, त्यातला मी एक. 'जुरासिक पार्क' हिंदीत बघितला, टॉकीजमध्ये, पंख्याखालची खुर्ची मिळवायला धक्काबुक्की करून. पुढे सीड्या, मग डीव्हीड्या, मग काय, सगळंच फोनवर. कुत्र्यांचं वेड मात्र नव्हतं. ते २०१५ च्या पावसाळ्यात अंगावर आलं. चार भिंतीकडून फिरून येताना एक भिजलेलं गावठी पिल्लू मागे लागलं आणि दारापर्यंत आलं. मी दार लावलं. सकाळी उघडलं तर ते तिथेच. संपला विषय.

नाव ठेवलं रिप्ली. 'एलियन' मधली. (त्या सिनेमात ती शेवटी यान सोडून पळायच्या घाईत असताना मांजरासाठी मागे फिरते. १९७९ सालापासून लोक त्यावरून वाद घालताहेत की हा शहाणपणा की मूर्खपणा.) जनावरांच्या दवाखान्यातल्या कार्डावर 'रिपली' झालं, आईने 'रिपे' केलं, आणि गल्लीतली पोरं 'रिप्लाय' म्हणतात. तीही सगळ्यांना ओ देते, खायला असेल तर.

कुत्रं घरात आल्यावर सिनेमे वेगळेच दिसायला लागतात हो. 'द थिंग' (१९८२) सुरू होतो तोच मुळी अंटार्क्टिकावरच्या बर्फात एका कुत्र्यामागे लागलेल्या हेलिकॉप्टरने. वरून गोळ्या झाडतायत आणि खाली ते बिचारं पळतंय. पहिल्यांदा बघताना मी मनात म्हणालो होतो, मारू नका रे त्याला! आणि नंतर कळतं की गोळ्या झाडणारेच बरोबर होते. आता तो प्रसंग बघताना मला त्या कुत्र्याचं वागणं दिसतं. ते भुंकत नाही, शेपूट हलवत नाही, नुसतं दारातून आत बघत राहतं. जे कुत्र्यासारखं दिसतं पण कुत्र्यासारखं वागत नाही, त्याची भीती कुत्रा पाळलेल्या माणसाला जास्त वाटते.

'बॅक टू द फ्यूचर' मध्ये काळातून प्रवास करणारा पहिला जीव म्हणजे डॉक ब्राऊनचा आइनस्टाइन. पट्टा लावून गाडीत बसवलेला, एक मिनिट भविष्यात जाऊन सुखरूप परत. आपण हसतो. पण डॉकने स्वतः न बसता कुत्र्याला बसवलं, हे माझ्या लक्षात रिप्ली आल्यावर आलं. आणि ते काही लेखकाने हवेतून आणलेलं नाही. ३ नोव्हेंबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक-२ मधून लायकाला पाठवलं, ती मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्रीच होती. आमच्या पोवई नाक्यावर असतात तशीच एक. ती आठवडाभर जगली आणि शांतपणे गेली असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००२ मध्ये खरं बाहेर आलं की उष्णतेने आणि धास्तीने ती काही तासांतच गेली होती. पण मला त्याहून जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. ते यान परत आणायची सोयच त्यात केलेली नव्हती. म्हणजे काही बिघडलं म्हणून ती मेली असं नाही. आराखड्याच्या कागदावर तिची परतीची रेघच नव्हती.

आता ऑगस्ट २०१९.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे पावसाळ्यात एकमेकांना "जेवलास का" च्या आधी "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, आणि गावभागात घराघराच्या भिंतीवर त्याची खूण होती. सगळे त्या खुणेच्या हिशोबाने सामान उचलायचे. बाबाही. "पाच साली इथवर आलं होतं, त्याच्यावर काही येत नाही," हे त्यांचं वाक्य. मी साताऱ्याहून त्यांना न्यायला गेलो होतो, रिप्लीला घेऊन, कारण तिला ठेवणार कुणाकडे? बाबा हलेनात. एक दिवस त्यात गेला. कोयनेचा विसर्ग वाढला, कृष्णेला आधीच महाबळेश्वरचं पाणी, आणि कऱ्हाडला दोन्ही नद्या एक होऊन खाली येतात. म्हणजे माझ्या साताऱ्यातला पाऊस माझ्या आईबापाच्या सांगलीतल्या घरात शिरत होता. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. भिंतीवरची खूण बुडाली.

होडी आली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर. बाबांना मधुमेह, इन्सुलिन संपत आलेलं, वीज नाही म्हणून उरलेलंही गार ठेवता येईना. होडीतला पोरगा विशीचा असेल. त्याने रिप्लीकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, कुत्रं न्हाई घ्यायचं. माणसं ऱ्हायल्यात अजून."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? त्याचं बरोबर होतं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. घाबरलेलं कुत्रं होडीत उसळलं तर काय होईल, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी पातेलंभर भात, होते तेवढे बिस्किटांचे पुडे आणि दोन बादल्या पाणी गच्चीच्या जिन्यात ठेवलं, गच्चीचं दार उघडं ठेवलं आणि होडीत बसलो. रिप्ली भुंकली नाही. कठड्यावर पुढचे पाय ठेवून बघत राहिली. गल्लीचं वळण आल्यावर मी मागे बघायचं बंद केलं.

विश्रामबागेत नातेवाइकांकडे तीन रात्री काढल्या. तिथे एकाने, अगदी चांगल्या मनाने, समजावलं, "कुत्रंच आहे. माणसं सुटली हे नशीब समज." आणि तेव्हा मला त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. अख्खं न्यूयॉर्क मेलं तरी मी सॅमसाठी का रडलो? न्यूयॉर्कला मी काही सांगितलेलं नव्हतं. सॅमला मात्र त्या माणसाने रोज सांगितलं होतं, की मी आहे. कुत्रं पाळणं म्हणजे एवढंच असतं, दररोज दिलेला एक शब्द, तोही अशा जिवाला ज्याला करार वाचता येत नाही.

चौथ्या दिवशी पाणी उतरायला लागल्यावर छातीभर पाण्यातून गेलो. रिप्ली होती. भात संपलेला, एक बादली लवंडलेली. ती धावत आली, शेपूट हलवली, माझे हात चाटले. तक्रार नाही. कुत्र्यांचा हा एक दुर्गुण आहे, ती लगेच माफ करतात. शेजारच्या पत्र्यावर दोन भटकी कुत्री होती, त्यांतलं एक हलत नव्हतं.

साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, एका कुत्र्याची समाधी आहे. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. (रायगडावरच्या वाघ्याच्या वादात मला पडायचं नाही, ते इतिहासकारांनी बघावं.) मी रिप्लीला घेऊन तिथे अधूनमधून जातो. आपल्याकडे इमानी कुत्र्याला दगडात जागा आहे, गोष्टींत आहे. होडीत नाही. आणि मला वाटतं हा होडीतल्या पोराचा दोष नाहीच. दोष आदल्या महिन्याचा आहे, जेव्हा कोरड्या जमिनीवर बसून कुणीतरी याद्या करत असतं. किती होड्या, किती माणसं, किती पाकिटं. त्या यादीत म्हैस नाही, शेळी नाही, कुत्रं नाही. त्यामुळे म्हैस सोडून येणार नाही म्हणणारा म्हाताराही शेवटी होडीत येत नाही, आणि मग माणूसही जातो. जनावराची सोय केली तर माणसं लवकर निघतात, हा साधा हिशोब आहे. त्यात भूतदयेचा मुद्दाही काढायची गरज नाही.

आणि माझ्या यादीतही ती नव्हती, हे मी सोयीस्कर विसरतो बघा. मी तिला पाणी वाढत असलेल्या गावात घेऊन गेलो, गाडीची चावी खिशात असताना एक दिवस बाबांशी हुज्जत घालत बसलो. तिची परतीची रेघ मीही काढली नव्हती.

'फिंच' नावाचा २०२१ चा सिनेमा आहे. टॉम हँक्स मरायला टेकलेला, जग उजाड झालेलं, आणि तो एक यंत्रमानव बनवतो. कशासाठी? आपल्यामागे कुत्र्याला सांभाळायला. बस्, एवढीच गोष्ट. समीक्षकांना तो फार मोठा वगैरे वाटला नाही. मला तो आजवर पाहिलेल्या सगळ्या यानांपेक्षा आणि लेझर तोफांपेक्षा जास्त वैज्ञानिक वाटला. इथे एका माणसाने आधी बसून विचार केलाय, की मी नसताना हिचं काय.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं. सकाळी सातला बाबांचा फोन. मला वाटलं नेहमीसारखं, काही येत नाही म्हणतील.

"आयर्विनला पस्तीस झालंय. गाडी काढ."

मी म्हटलं, लगेच निघतो, रिप्लीला शेजाऱ्यांकडे ठेवून येतो.

"ती आपली घरीच आहे ना साताऱ्यात? बरंय. मग मागची सीट मोकळी असेल. समोरच्या वाड्यातलं ते काळं कुत्रं आहे, त्याला मी कालपासून आत घेतलंय."

काळू आता साताऱ्यात असतो. रिप्ली म्हातारी झालीय, पाऊस लागला की जिन्यात एकटी थांबत नाही, माझ्या खोलीत येऊन बसते. रात्री सिनेमा लावला की दोघं पायाशी असतात. 'द थिंग' मी हल्ली हेडफोन लावून बघतो. त्यातल्या कुत्र्यांचा आवाज आला की काळू उठून दारापाशी जातो आणि बाहेर कोण आहे ते बघत बसतो.