माणसें आणि चित्रें एकाच पडद्यावर

सुटी लागली कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो: मुलांस कोणता चित्रपट दाखवावा? आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं शेजारीं बसून पाहावेत असे चित्रपट थोडेच. त्यांत १९६४ सालच्या ‘मेरी पॉपिन्स’ या इंग्रजी संगीतपटाची शिफारस आम्ही निःशंकपणें करतों.

त्यांत हाडामांसाचा नट हातानें रेखाटलेल्या पेंग्विन पक्ष्यांबरोबर नाचतो आणि पाहणाराची नजर कोठेंहि अडखळत नाहीं. वस्तुतः नटासमोर पक्षी नव्हतेच. सोडिअमच्या पिवळ्या दिव्यांनीं उजळलेल्या पडद्यापुढें त्याचें चित्रण झालें. पक्षी मागाहून रेखाटून बसविले. पडद्यावर सेकंदास चोवीस चित्रें सरकतात. म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यास ४,३२० चित्रें झालीं! एकेक रेखाटन दोनदां वापरलें तरी २,१६० उरतातच.

ही विद्या परकी मानण्याचें मात्र कारण नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं वाटाण्याच्या रोपाचें दिवसांमागून दिवस चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. पुढें आगकाड्यांसहि खेळविलें. १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आलेल्या ‘प्रभात’नें थोड्याच अवधींत ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. त्याच वास्तूंत १९६१ पासून चित्रपटविद्येचें शिक्षण दिलें जात आहे. नटांस चित्रांच्या नगरींत नेणारा हिंदी ‘टूनपूर का सुपरहिरो’ २०१० सालीं निघाला.

असें असतां आपल्या घरांत मूल चित्रें काढीत बसलें, कीं “अभ्यास टाकून या रेघोट्या कशाला?” हा प्रश्न ठरलेला. वडीलधाऱ्यांची काळजी खोटी नाहीं. चरितार्थाची चिंता कोणास सुटली आहे? परंतु फाळकेहि शास्त्र्यांच्याच घरीं जन्मले होते, आणि त्यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत घातलें गेलें. तें दार तेव्हां बंद राहतें, तर आपण किती गमावलें असतें!

म्हणून आमची सूचना एवढीच. चित्रपट पाहून आल्यावर मुलांस एक जुनी वही द्यावी. पानांच्या कोपऱ्यांत पंख हलविणाऱ्या चिमणीचीं चोवीस चित्रें, प्रत्येकांत किंचित् फरक करून, त्यांच्याकडून काढवावीं आणि पानें अंगठ्यानें झरझर सोडावीं. चिमणी उडेल. त्या एका सेकंदासाठीं मुलानें किती चिकाटी धरली, हें वडिलांनीं शेजारीं बसून पाहावें. मग रेघोट्यांस अभ्यास म्हणावें कीं नाहीं, याचा निर्णय त्यांनींच करावा.