‘निर्वंश’ या शेऱ्याविषयी

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत दुसऱ्या महायुद्धाच्या थोडा आधी पुण्यास छापला गेला. त्यातील वंशवृक्षाच्या एका फांदीवर, म्हणजे आमच्या पणजोबांच्या धाकट्या बंधूंच्या नावाखाली, बारीक टायपात एकच शब्द आहे : ‘निर्वंश’. लहानपणी हा शब्द मी अनेकदा वाचला, आणि ज्या निःशंकपणे मनुष्य पंचांगातील तिथी वाचतो त्याच निःशंकपणे वाचला. ती फांदी कुणाच्या तरी हाताने तोडली गेली होती, हे कळावयास मला साठी ओलांडावी लागली.

पणजोबा राजापूर तालुक्यातील एका खोती गावचे तक्षीमदार, आणि शिवाय मामलेदार कचेरीत कारकून; त्यामुळे दिवसाकाठी झालेला दमडीचा व्यवहारही निजण्यापूर्वी लिहून काढण्याची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती. त्यांच्या चौदा वह्या लाल बासनात बांधून गावच्या घराच्या माळ्यावर पडलेल्या होत्या. दोहोंचा निकाल वाळवीने लावला. उरलेल्या बारांचा लावणे माझ्याकडे आले, कारण निवृत्तीनंतर मोडीच्या वर्गास जाण्याची हौस घरात मलाच एकट्याला सुचली. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग त्या रेघेला वाळवणासारखी अक्षरे टांगत जायचे, लेखणी शक्यतो उचलायची नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही, अशी ही लिपी. लिहिणाऱ्याला जितकी सोयीची तितकीच वाचणाऱ्याला अवघड. पहिले सहा महिने मला केवळ आकडे आणि ‘हस्ते’, ‘बद्दल’, ‘बाकी’ एवढेच शब्द लागत. पण जमाखर्चात याहून निराळे शब्द असतात तरी किती?

शके १८१८, दुर्मुखनाम संवत्सर. मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या पावसाळ्याअखेर सुरू झालेला गाठीचा ताप माघात आमच्या घरी पोचला तो तारेच्या रूपाने. धाकटे बंधू मुंबईस नोकरीला होते, ते गेले. तेराव्याचा खर्च तपशीलवार आहे, आणि त्यानंतर फाल्गुनात एक ओळ आहे : वहिनी व चिरंजीव जैतापूर बंदरी उतरली, गाडीभाडे १० आणे. या ‘चिरंजीव’ शब्दाशी मी त्या रात्री बराच वेळ थांबलो. मी वाचण्यात चूक केली असेल असे समजून पुढची पाने चाळली, तो अंगड्याटोपड्याचे कापड, देवी काढणाऱ्यास २ आणे, पायातला वाळा दुरुस्त करून आणल्याबद्दल सोनारास १ आणा. निर्वंश गेलेल्या गृहस्थाचा मुलगा आमच्या ओटीवर वाळा वाजवीत हिंडत होता. त्याच वर्षी जमेच्या बाजूस ‘वहिनीची नथ मोडून आले’ असे लिहून ३८ रुपये दाखविलेले आहेत. ते रुपये तिच्या नावे खर्ची पडल्याचे मला पुढे कोठेही आढळले नाही, आणि मी ते शोधले नाहीत असे मात्र नव्हे.

शके १८२० च्या कार्तिकात ती मुलासह जबलपुरास गेली. तेथे तिचा भाऊ रेल्वेत होता. मग दरमहा दोन रुपयांची मनिऑर्डर, अशा अकरा. शके १८२१ च्या कार्तिकात ‘वारसाचे कामी’ मुद्रांक ८ आणे, अर्जनविसास ४ आणे. आणि लगेच खालच्या ओळीत, जबलपुरास कार्ड, १ पैसा. त्यानंतरच्या वह्यांत जबलपूर हे नाव नाही.

वंशावळ ही वस्तू आपण भक्तिभावाने पाहतो. पण तिची घडण वतनाच्या तंट्यांतून झाली, हे जुने महजर आणि करीने वाचणारास सांगावे लागत नाही. गोतापुढे किंवा सरकारात उभे राहून आपला मूळ पुरुष कोण, त्याला पुत्र किती, थोरली शाखा कोणती आणि कोणाचा वंश खुंटला, हे सांगायचे ते वतनावरचा आपला हक्क शाबीत व्हावा म्हणून. असल्या कागदात पक्षकार स्वतःविरुद्ध साक्ष देईल अशी अपेक्षा करणे भोळेपणाचे होय. विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी अपार कष्ट घेतले, गावोगाव पत्रे धाडली, पदराला खार लावून पुस्तके काढली. परंतु त्यांच्या हाती आलेली सामग्री हीच होती, आणि ‘निर्वंश’ हा फेरफारातला शेरा त्यांनी इतिहास म्हणून उतरून घेतला. खर्चाची वही काही अधिक प्रामाणिक माणसाने लिहिलेली नसते. या प्रकरणी तर दोन्हींचा कर्ता एकच. पण संध्याकाळी शिलकेचा मेळ बसवावा लागतो, आणि मेळ बसवायचा म्हणजे पुतण्याचा वाळाही लिहावा लागतो.

छापताना वस्तू गुळगुळीत होते, हे केवळ कुलवृत्तांताचेच नव्हे. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला तो आपला हात फिरवून. मूळ संहितेसाठी मराठी वाचकास पुढे दत्तो वामन पोतदारांच्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. आणि हे भटजी सत्तावन्नच्या वणव्यात सापडले ते कशापायी? घरावर कर्ज झाले होते आणि उत्तरेकडील यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती, म्हणून. आपल्याकडची कोणतीही जुनी रोजनिशी उघडा, पहिल्या चार पानांत कर्ज निघते.

गेल्या वर्षी वडिलांच्या अस्थी घेऊन मी नाशिकला रामकुंडावर गेलो. तीर्थोपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारले, आणि घरातून वही आणविली. उत्तरेत हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील युटाच्या वंशावळी संस्थेने कधीच घेऊन ठेवली; आम्ही मात्र या वह्यांपाशी जातो ते नेमके ज्या दिवशी मनुष्य काही वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो त्याच दिवशी. आमच्या गावच्या पानावर, आजोबांच्या सहीच्या बरीच वर, १९२१ सालची एक बाळबोध नोंद होती. जबलपूरच्या एका इसमाने आपले, बापाचे, आजाचे नाव आणि राजापूर तालुक्यातील गाव अचूक लिहून, आपल्या दिवंगत मातोश्रींचे सासरचे आणि माहेरचे अशी दोन्ही नावे लिहिली होती. आमच्या वह्यांत ती सर्वत्र ‘वहिनी’ आहे. कुलवृत्तांतात तर तेवढीही नाही. तिचे नाव मला तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, ओल्या धोतराने उभा असताना समजले.

जबलपूरच्या मराठी मंडळींत विचारपूस करता तीन आठवड्यांत पत्ता लागला. ज्यांनी ती नोंद केली त्यांचे चिरंजीव, म्हणजे नात्याने माझे चुलत काका, गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त होऊन सुखाने राहत आहेत. वय सत्त्याऐंशी, आवाज खणखणीत. मी कोण, कुठला, हे सांगून संपते न संपते तोच ते म्हणाले, “अहो, आधीच सांगून ठेवतो, आम्हाला जमीन-बिमीन काही नको हं.” मी काही विचारलेच नव्हते. इकडे ही आनंदाची वार्ता घरच्या मंडळींना दिली तेव्हा माझ्या चुलतभावाचा पहिला प्रश्न : “सातबाऱ्यावर नाव चढवायला निघालेत का?” खोती १९४९ च्या कायद्याने गेली, उरली आहे ती दीड एकर वरकस, तिच्यावर सत्तावीस नावे आणि तीन मुंबईकरांची भांडणे. तरीसुद्धा सव्वाशे वर्षांनी सापडलेल्या माणसाचे स्वागत दोन्हीकडून एकाच शब्दाने व्हावे, याला काय म्हणावे?

‘निर्वंश’ हा शब्द मुलींच्या बाबतीत आपण अधिक सफाईने उच्चारतो. कुलवृत्तांतात मुलीला अर्धी ओळ : अमुक गावच्या अमक्यांस दिली. तेथून तिची मुलेबाळे आमच्या दृष्टीने निर्वंशच. २००५ साली कायद्याने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, तेव्हापासून आमच्या भागात हक्कसोडपत्रे तेवढी वाढलेली मला दिसतात, आणि ज्या बहिणीने सही दिली तिचे नाव नव्या आवृत्तीच्या वंशवृक्षात तळटिपेत जाते. दुसरीकडे २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभल्यापासून, एरवी ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्या मोडी वाचकांपुढे तालुक्या-तालुक्याला रुमाल सोडले गेले. एका शब्दासाठी का होईना, लोक पणजोबांच्या कागदांपाशी पोचले हे चांगलेच झाले. पण कोतवाल बुकात हवा तो दाखला सापडला की दफ्तर बांधून टाकतात. त्याच पानावर जन्मलेल्या मुलींची नावे असतात, ती पाहण्याची कोणाला फुरसत नसते.

सध्या पुष्कळ घराण्यांत कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत, संमेलने भरत आहेत, फेटे बांधले जात आहेत. माझे म्हणणे इतकेच आहे की, जुने पुस्तक पुन्हा छापण्यापूर्वी जेथे जेथे ‘निर्वंश’ हा शेरा असेल तेथे तेथे थांबावे, आणि घरातल्या वह्या, क्षेत्रोपाध्यायांची पाने, जन्ममृत्यूची नोंदबुके यांच्याशी तो ताडून पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. आणि लेकींच्या शाखा जावयांच्या पुस्तकांवर सोपवू नयेत. राजवाड्यांनी १८९८ साली इतिहाससाधनांचा पहिला खंड काढला तेव्हापासून सरदार-मुत्सद्द्यांच्या घरचे कागद आपण जपू लागलो. कारकुनाच्या घरच्या वह्या अजूनही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीच्या भावाने जातात. आमच्या गावातल्याच एका घरच्या गेल्या वर्षी गेल्या. मी पोचलो तेव्हा बासन तेवढे शिल्लक होते, चांगले कापड म्हणून.

काकांशी माझे बोलणे आता दर रविवारी होते. त्यांच्या मराठीत ‘मी वाट पाहून राहिलो होतो’ अशी वळणे आहेत आणि ती कानाला गोड लागतात. महिन्यापूर्वी त्यांनी एका कार्डाचे छायाचित्र पाठविले. आजीच्या डब्यात होते, तीन पिढ्यांत कोणाला वाचता आले नाही, म्हणून देवघरात ठेवले आहे. काय लिहिले आहे ते सांग, म्हणाले. अक्षर पाहताच मी ओळखले. चौदा ओळींचा मजकूर, हस्ताक्षर पणजोबांचे, शके १८२१, कार्तिक : चिरंजीवास आशीर्वाद, यंदा पर्जन्याने दगा दिला, भात हाती लागले नाही, दुष्काळामुळे पुढील रकमा पाठविणे होत नाही, क्षमा असावी. विकारी संवत्सराचा तो दुष्काळ खरा. देशावर आणि गुजरातेत माणसे अन्नान्न करून मेली. पणजोबांची त्या महिन्याची वही माझ्या पुढ्यात उघडी होती. तीत तांदूळ विक्रीची रक्कम आहे, नेहमीइतक्याच खंड्यांची, आणि दर मागील सालाहून चढा.

मी कार्डावरचा मजकूर त्यांना फोनवर अक्षरशः वाचून दाखविला. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

“म्हणजे त्या साली कोकणातही पिकलंच नव्हतं होय?” काकांनी विचारले.