विश्लेषण : जुन्या ध्वनिफितींना ओलावा कसा संपवतो?

१९७० आणि ८०च्या दशकांतील अनेक स्पूल-फिती आज यंत्रावर लावल्या की कर्कश आवाज करत अडकतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत डिजिटायझेशन झाले नाही तर चुंबकीय फितींवरील बराच ठेवा कायमचा गमवावा लागेल. ती मुदत आता उलटली आहे.

फितीची रचना कशी असते?

प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर आयर्न ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा थर असतो. आवाज या कणांत साठवलेला असतो. कणांना पट्टीशी धरून ठेवतो तो पॉलिमरचा बाइंडर, म्हणजे एक प्रकारचा डिंक. कण दीर्घकाळ टिकतात. आधी दगा देतो तो डिंक.

ओलावा नेमके काय करतो?

त्या काळातील अनेक कंपन्यांनी पॉलिएस्टर-युरेथेन बाइंडर वापरला. हवेतील बाष्प त्यात शिरते आणि पाण्याचे रेणू पॉलिमरच्या साखळ्या तोडतात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. त्यातून आम्ल तयार होते आणि ते पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवते. थर चिकट होतो, यंत्राच्या हेडवर खरवडून निघतो आणि त्याबरोबर आवाजही जातो. फीत नुसती ठेवून दिली, तरी हे थांबत नाही.

उपाय आहे का?

तात्पुरता आहे. फीत सुमारे ५० अंश सेल्सिअसवर कित्येक तास नियंत्रित उष्णतेत ठेवली, तर ती काही आठवडे वाजवता येते. तेवढ्यात डिजिटल प्रत करायची. मात्र जुन्या अ‍ॅसिटेट फितींना या उष्णतेने इजा होते. त्यामुळे घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये.

महाराष्ट्राने काळजी का करावी?

फितींसाठी साधारण ३० ते ४० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ती अनेकदा ८० टक्क्यांवर जाते. नाट्यसंस्था, गायकांची घरे, ग्रंथालये यांच्या कपाटांत मैफली, कीर्तने, व्याख्यानांची स्पुले पडून असतील, तर प्रत्येक पावसाळा त्यांचे आयुष्य कमी करतो. ती वाजवणारी यंत्रे आणि दुरुस्त करणारे कारागीरही आता मोजकेच उरले आहेत.

अशी फीत सापडल्यास ‘चालते का’ म्हणून लावून पाहू नका. खराब झालेल्या फितीसाठी ते पहिले वाजवणे शेवटचे ठरू शकते. ती कोरड्या जागी उभी ठेवा, डब्यावरचा मजकूर लिहून घ्या आणि जाणकाराला दाखवा. ज्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत कुठेच नाही, त्याचा क्रम पहिला लावा.